राउटरवर उभी पकड आणि फिरता अक्ष: जागा एकच, मोजमाप दोन

प्रश्न थोडक्यात असा आहे. सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कटर चालवून लाकूड कापणाऱ्या मशीनवर, सपाट कामं नीट होतात. आता त्याच मशीनवर फळी उभी धरून तिच्या टोकाला डव्हटेल (शेपटीच्या आकाराचा सांधा) आणि टेनन (खाचेत बसणारी जीभ) काढायचे आहेत, शिवाय चौकोनी लाकडातून टेबलाचे पाय फिरवून कोरायचे आहेत. दोन्हींसाठी काय बसवायचं, कुठे बसवायचं, आणि ते सरळ बसलंय हे कसं ओळखायचं?

ही दोन वेगळी कामं वाटतात, पण सेटिंगच्या दृष्टीने ती सख्खी भावंडं आहेत. दोन्हींत जॉब, म्हणजे कापायचं लाकूड, बेडवर (मशीनच्या सपाट टेबलावर) आडवा न पडता बेडच्या बाहेर किंवा खाली जातो. दोन्हींत चूकही एकाच जागी होते. आपण भारी क्लॅम्प, भारी चक (लाकूड जबड्यांत धरून फिरवणारी पकड) शोधत बसतो आणि जॉब नेमका कशाला टेकतोय हे बघायचं राहून जातं. क्लॅम्पने फक्त दाबून धरायचं. जागा ठरवायची ती फेन्सने (जॉब टेकवायच्या सरळ पट्टीने) आणि स्टॉपने (अडवणाऱ्या ठोकळ्याने). आणि फेन्स सरळ आहे का, हे गुण्याला किंवा पाणसळीला विचारू नका, मशीनच्या चालीला विचारा. मशीन स्वतः जरा तिरकं उभं असेल तर पाणसळीत बसवलेली प्लेट त्या मशीनपुरती वाकडीच ठरते.

जागेपासून सुरुवात करू. माझा सल्ला: बेडच्या पुढच्या बाजूला, गॅन्ट्रीला (कटर वाहून नेणाऱ्या आडव्या पुलाला) समांतर, एक खड्डा ठेवा. म्हणजे बेडची पुढची पट्टी काढता येईल अशी करा आणि तिच्याखाली मोकळी जागा सोडा. सपाट काम असेल तेव्हा पट्टी वर, एरवी बाजूला. उभ्या पकडीची प्लेट खड्ड्याच्या मागच्या भिंतीवर बसते आणि रोटरी, म्हणजे लाकूड फिरवणारा अक्ष, त्याच खड्ड्यात एक्सच्या (डावी-उजवीकडच्या) दिशेने आडवी. त्याआधी एक गोष्ट तपासा. वायची (पुढे-मागे) चाल बेडच्या पुढच्या कडेपलीकडे जाते का? 18 मिमीची फळी, तिच्यामागे 6 मिमीची आधारपट्टी आणि 12 मिमी कटरची त्रिज्या 6, एवढे मिळून 30 मिमी होतात. हाताशी थोडं जादा हवं, म्हणून स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या मोटरचा) मध्य प्लेटच्या पुढे किमान 50 मिमी आला पाहिजे. येत नसेल तर गॅन्ट्री लांबवण्याचा खटाटोप करू नका. बेडच मागे सरकवा किंवा पुढून कापा.

रोटरी बेडवरच का ठेवू नये, असं बरेच जण विचारतात. हिशेब करून बघा. 80 मिमी चौकोनी लाकडाचा कर्ण 113 मिमी, म्हणजे फिरताना कोपरा मध्यापासून जवळपास 57 मिमी वर येतो. चकचा मध्य बेडपासून 80 मिमी उंच धरला तर कोपरा 137 वर. गॅन्ट्रीखाली 150 मिमी मोकळे असतील तर कटरला उरले 13. काम संपलं! तोच मध्य खड्ड्यात बेडच्या पातळीखाली 25 मिमी ठेवला, तर कोपरा बेडच्या फक्त 32 मिमी वर येतो आणि ऐसपैस जागा मिळते. पण फार खोल नेलात की उलटी अडचण येते. झेडची (खाली-वर) चाल आणि कटरची लांबी मिळूनही टोक जॉबच्या सगळ्यात बारीक भागापर्यंत पोचत नाही, किंवा पोचेपर्यंत स्पिंडलचा धारक चकला घासतो. म्हणून आधी दोन आकडे कागदावर काढा: सगळ्यात जाड जॉबचा कोपरा किती वर येणार आणि सगळ्यात बारीक जॉबसाठी टोक किती खाली जाणार. मध्याची उंची त्या दोहोंमधून ठरते.

आता उभी पकड.

प्लेट जाड हवी. 24–25 मिमीचा चांगला प्लायवूड चालतो, ॲल्युमिनियम असेल तर उत्तम. तिच्या वरच्या कडेला साध्या लाकडाची एक बदलता येणारी पट्टी लावा आणि प्लेट पक्की बसल्यावर त्या पट्टीचा माथा मशीनवरूनच एकदा कापून घ्या. आता ती कड एक्सच्या चालीला समांतर आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही, कारण ती त्याच चालीने कापली आहे. कटर फळीच्या खाली उतरून जे काय खाणार आहे तेही ही पट्टीच खाते, प्लेट वाचते.

प्लेटचा चेहरा मात्र डायलने, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने, बघावा लागतो. डायल इंडिकेटर स्पिंडलला बांधा, टोक प्लेटला टेकवा आणि झेड 100 मिमी खाली-वर करा. काटा 0.05 मिमीच्या आत राहिला तर लाकूडकामाला पुरे. मग तसाच एक्समध्ये प्लेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. खाली-वर फरक दिसला तर प्लेटच्या मागे शिम (पातळ पत्रा) घाला. डावी-उजवीकडे दिसला तर बोल्ट सैल करून प्लेट फिरवा. हे दोन्ही एका दमात होत नाही, एक सुधारलं की दुसरं थोडं बिघडतं. तीन-चार फेऱ्या धरून चला. आणि शेवटी बोल्ट आवळल्यावर पुन्हा एकदा डायल फिरवा, कारण आवळताना प्लेट हलते. ही पायरी गाळण्याचा मोह मलाही होतो. गाळली की दोन दिवसांनी टेनन तिरका निघतो आणि मग सगळं उपसावं लागतं.

बाजूची फेन्स, म्हणजे फळीची कड जिला टेकते ती उभी पट्टी, डायलने जुळवून झाली तरी खरी परीक्षा लाकडावर घ्या. दोन फळ्यांची तीच कड फेन्सला लावून टोकं कापा. मग दोन्ही फळ्या एका सरळ पट्टीला टेकवून आडव्या ठेवा, त्यातली एक उलटी करा आणि कापलेली टोकं एकमेकांना भिडवा. फेन्स जराशी कलली असेल तर सांध्यात पाचरीसारखी फट दिसते, आणि ती फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. डोळ्याला न दिसणारी चूकही अशी दिसू लागते. प्रकाशासमोर धरून फट दिसेनाशी झाली की फेन्स पक्की करा आणि तिला पुन्हा हात लावू नका.

उंचीसाठी एक झुकता स्टॉप करा: खड्ड्यावर आडवी येणारी छोटी प्लेट. फळी खालून वर सरकवून तिला टेकवायची, क्लॅम्प आवळायचा, स्टॉप बाजूला करायचा. मग प्रत्येक फळीचं टोक त्याच झेडवर येतं आणि दर वेळी शून्य घ्यावं लागत नाही. स्टॉप बाजूला करायला विसरलात तर कटर त्याची आठवण करून देईल. म्हणून तो लाकडाचाच करा.

फळी पट्टीच्या वर किती काढायची? जेवढा सांधा खोल तेवढी आणि वर दोन-तीन मिमी, बस. टोक जास्त बाहेर राहिलं की फळी थरथरते, कापताना आवाज चढतो आणि चेहऱ्यावर लाटा उमटतात. पकड वरच्या कडेच्या जमेल तितकी जवळ हवी. टॉगल क्लॅम्प दोन बिंदूंवर दाबतात, त्यापेक्षा फळीच्या पूर्ण रुंदीवर आडवी पट्टी घालून ती दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळलेली मला जास्त आवडते. त्या पट्टीला मध्ये अर्धा मिमी फुगवटा ठेवा, म्हणजे टोकं आवळली तरी मधोमध दाब पोचतो. फळी लांब असेल तर खालून टेकू द्या. क्लॅम्प सैल करताना ती सुटून पायावर आली की टेकूचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

कापण्याबद्दल थोडंसंच. टोकाकडून कापताना कटर जिथून बाहेर पडतो तिथे धागे उखडतात, म्हणून त्या बाजूला आधारपट्टी घट्ट चिकटलेली हवी. डव्हटेल कटर वरून उतरवता येत नाही, तो बाजूनेच आत शिरतो आणि पूर्ण खोलीवर एकाच फेरीत जातो. तेव्हा आधी सरळ कटरने मधलं लाकूड काढून टाका. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: आरपार डव्हटेलमध्ये शेपट्यांची फळी डव्हटेल कटरने होते, पण पिनांची (शेपट्यांच्या मध्ये बसणाऱ्या दातांची) फळी सरळ कटरने, वरून बघितल्यास तिरक्या जाणाऱ्या वाटांनी होते. दोन्ही फळ्या उभ्याच धरायच्या. जोड घट्ट-सैल करायचा असेल तर ड्रॉइंगला हात लावू नका. सॉफ्टवेअरमध्ये सरळ कटरचा व्यास 0.05 मिमीने कमी-जास्त सांगून पिना बारीक-जाड करा. धूळ ओढणारा बूट मात्र उभ्या कामात काढून ठेवा, तो फळीवर आपटतो.

आता रोटरी, जिथे खरी गंमत आहे.

आधी ठरवा की तुम्हाला अखंड फिरणारा अक्ष हवा आहे की फक्त ठरावीक कोनांवर थांबणारा. चार बाजूंना मॉर्टिस (टेनन बसायची खाच) असलेला पाय 0, 90, 180, 270 वर थांबून होतो. तिथे गिअरची घट्ट पकड महत्त्वाची, वेग नाही. सर्पिल खाचा किंवा नक्षी असेल तर अखंड फिरणं लागतं. बेल्टवर चालणारा 6:1 रोटरी वेगवान आणि स्वस्तात तयार होणारा, पण कापताना जॉब बेल्टच्या लवचिकतेवर झुलतो. हार्मोनिक रिड्यूसर (वेग कमी करणारा गिअर) बहुधा 50:1 किंवा 100:1 चा मिळतो, त्यात प्ले (ढिलेपणा) जवळजवळ नसतो, पण फिरतो सावकाश: मोटर मिनिटाला 1000 फेरे घेत असेल तर 50:1 ला चक फक्त 20. माझं मत विचाराल तर फर्निचरच्या कामाला सावकाश आणि घट्ट बरा. प्ले 0.1 अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण 100 मिमी व्यासावर तो जवळपास 0.09 मिमी होतो आणि क्लाइम्ब कटला (कटरचे दात चालीच्या दिशेनेच ओढतात अशा कापाला) कटर जॉबला तेवढा ओढून पुन्हा सोडतो.

स्टेप्सचा आकडा, म्हणजे एका अंशाला मोटरचे किती बारीक टप्पे, तो पूर्ण दशांशांसकट भरा. 200 स्टेपची मोटर, 8 मायक्रोस्टेप, 6:1 बेल्ट: एका फेऱ्याला 9600 स्टेप, अंशाला 26.6667. कुणी आळसाने 26.67 भरलं तर प्रत्येक फेऱ्याला 1.2 स्टेप जास्त जातात. दहा फेऱ्यांच्या सर्पिलात ती चूक 0.45 अंश होते, 80 मिमी व्यासावर सुमारे 0.3 मिमी. खाच शेवटी जिथे भेटायला हवी तिथे भेटत नाही आणि आपण उगाच चकला दोष देत बसतो.

वायरिंगमध्ये दोन रस्ते आहेत. कंट्रोलरला चौथा अक्ष असेल तर प्रश्नच नाही. मूळ ग्रबल (कंट्रोलर चालवणारं सॉफ्टवेअर) तीन अक्षांचं आहे. ग्रबलहॅल, फ्लुइडएनसी, लिनक्ससीएनसी यांत चौथा मिळतो. नसेल तर वायची मोटर काढून तिथे रोटरीची जोडायची आणि ड्रॉइंग दंडगोलावर गुंडाळायचं. हे चालतं, पण दर व्यासाला स्टेप्सचा आकडा बदलतो. 80 मिमी व्यासाचा परीघ 251.33 मिमी, म्हणजे 9600 स्टेपच्या हिशेबाने मिमीला 38.2. शिवाय वायच्या मोटरीला करंट नसल्यामुळे गॅन्ट्री मोकळी राहते, ती मध्यावर आणून क्लॅम्पने बांधावी लागते. आणि मोटरचा प्लग बदलताना ड्रायव्हरची वीज पूर्ण बंद. चालू ड्रायव्हरवरून मोटर उपटली की ड्रायव्हर जाऊ शकतो.

फीडचा, म्हणजे कापताना सरकण्याच्या वेगाचा, घोळ इथेच होतो. फक्त ए (रोटरीचा फिरता अक्ष) फिरत असेल तर कोडमधला एफचा, म्हणजे फीडचा, आकडा मिनिटाला अंश असतो. एफ 360 म्हणजे मिनिटाला एक फेरा: 100 मिमी व्यासावर कटर 314 मिमी मिनिटाला चालतो, तोच 20 मिमीवर आला की 63. लाकूड करपू लागतं. एक्स आणि ए एकत्र चालत असतील तर लिनक्ससीएनसी फीड सरळ चालीवरूनच धरतं, ए त्याच्यामागे फरपटत जातो; एक्सची चाल बारीक असेल तर ए एकदम भिरभिरतो. यावर इलाज जी93, म्हणजे प्रत्येक चाल किती वेळात संपवायची ते सांगणारा फीड. पोस्ट प्रोसेसर (ड्रॉइंगवरून मशीनचा कोड लिहिणारा सॉफ्टवेअरचा भाग) तो देतो का हे आधी बघा. जी93 मध्ये प्रत्येक कापणाऱ्या ओळीवर एफ लागतो, आणि शेवटी जी94 वर (मिनिटाच्या नेहमीच्या फीडवर) परतणं कोडमध्ये नसेल तर पुढचं सपाट काम विचित्र वेगाने सुरू होतं.

जुळवणी. चक आणि टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक धरणारा आधार) यांच्यात एक सरळ, घासलेला गोल रॉड धरा. डायल रॉडच्या माथ्यावर ठेवून एक्समध्ये चालवा, मग बाजूला ठेवून चालवा. पहिल्या चालीत फरक आला तर टेलस्टॉकखाली शिम, दुसऱ्या चालीत आला तर टेलस्टॉक आडवा सरकवायचा. पण त्याआधी चक हाताने फिरवून रॉड स्वतः किती डोलतो ते बघा. नाहीतर चकची चूक टेलस्टॉकमध्ये दुरुस्त करत बसाल. डोलत असेल तर काटा वरच्या आणि खालच्या टोकांच्या बरोबर मध्ये येईल तिथे चक थांबवा आणि मगच डायल चालवा.

शून्य जॉबच्या माथ्यावर घेऊ नका. झेड शून्य फिरण्याच्या मध्यरेषेवर घ्या. मग लाकूड थोडं जाड-बारीक असलं तरी तयार पायाचा व्यास तोच येतो. यासाठी मी खड्ड्यातल्या रोटरीच्या पायाभूत प्लेटपासून मध्याची उंची एकदाच नीट मोजून प्लेटवर कोरून ठेवली आहे. समजा ती 82.35 मिमी आहे. कटर बदलला की 15 मिमी जाडीचा टच पक (कटर टेकला की कळवणारी चकती) त्या प्लेटवर ठेवायचा, टेकवायचा आणि झेड उणे 67.35 भरायचा. जॉब चकमध्ये असो वा नसो, शून्य बरोबर. बेडला जी54, उभ्या प्लेटला जी55, रोटरीला जी56 अशी साठवलेल्या शून्यांची कायमची वाटणी करून टाका. होमिंग स्विच (मशीनला तिची मूळ जागा दाखवणारे) भरवशाचे असतील तर सकाळी होम केलं की एक्स-वायची तिन्ही शून्यं जागेवर.

मध्य खरोखर मध्यावर आहे का, याची कसोटी अशी. लाकडाचा तुकडा धरा. ए 0 वर कटरची आतली धार वाय अधिक 5 वर ठेवून बाजू खोल कापा. ए 180 वर फिरवा, पुन्हा त्याच जागी कापा. मध्ये उभी राहिलेली जीभ 10 मिमी हवी. ती 10.2 भरली तर वाय शून्य 0.1 ने चुकलंय, कारण चूक दोन्ही बाजूंना मोजली जाते. तसंच झेडचं. झेड अधिक 15 वर ए 0 ला एक सपाटी आणि 180 ला दुसरी कापा, मधली जाडी 30 आली पाहिजे. जो फरक येईल त्याचा अर्धा दुरुस्त करा. फिरण्याची दिशा तपासायला कोऱ्या गोलावर ‘ज’ किंवा ‘फ’ कोरून बघा. अक्षर आरशातलं निघालं तर ए उलटा फिरतोय. नुसती रेघ किंवा वर्तुळ कोरून हे कळत नाही.

सेफ झेडचं, म्हणजे कटर न कापता ज्या उंचीवरून फिरतो तिचं, मी स्वतः भोगलंय. 75 मिमी चौकोनी तुकडा, सपाट माथा मध्यापासून 37.5 वर, म्हणून सेफ झेड 45 दिला आणि निर्धास्त झालो. पहिल्याच ओळीत कटर 45 वर थांबला आणि ए फिरू लागला. 45 अंशांवर कोपरा 53 मिमी वर येतो. खाडकन आवाज, 6 मिमीचा कटर दोन तुकडे, आणि चकच्या जबड्यांतून लाकूड निसटून खड्ड्यात. तेव्हापासून सेफ झेड अर्ध्या कर्णावरूनच ठरतो, आणि गोल होईपर्यंत पहिल्या फेऱ्या उथळ.

चौकोनी लाकडाला तीन जबड्यांचा चक नको, तो तीन बाजूंनी धरू पाहतो आणि लाकूड मध्यावर येत नाही. एकत्र सरकणारे चार जबडे घ्या. जबडा क्रमांक एकसमोर लाकडावर पेन्सिलची खूण करा, म्हणजे मध्येच काढावं लागलं तरी पुन्हा तसंच बसवता येतं. टेलस्टॉकचं टोक लाकडात हळूहळू रुतत जातं. आवळून पाच मिनिटं थांबा आणि परत थोडं आवळा. बारीक, लांब पायाला मात्र जोर लावू नका, तो धनुष्यासारखा वाकतो. बॉल नोज (गोल टोकाचा) कटर मध्यरेषेच्या अगदी माथ्यावर चालवला तर त्याचं टोक कापत नाही, घासतं, कारण टोकाशी फिरण्याचा वेग शून्यच असतो. त्याला वायमध्ये त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं बाजूला घेता येत असेल तर घ्या, चेहरा लगेच सुधारतो. हे सॉफ्टवेअरमध्ये सांगूनच करा, नुसतं शून्य सरकवलंत तर माप बिघडेल.

आणखी एक. दहा फेऱ्यांचं सर्पिल संपलं की कोडच्या शेवटी ए 0 असेल तर मशीन 3600 अंश उलटं फिरून परत येतं, कधीकधी कटर अजून खाचेतच असताना. शेवटच्या ओळी हाताने उघडून वाचा: आधी झेड वर, मगच ए. जिभेच्या कसोटीचा तो तुकडा फेकू नका. मशीन हलवलं, टेलस्टॉक काढून ठेवला किंवा खड्ड्यातली प्लेट सोडली, की तसाच नवा तुकडा कापायचा, दोन्ही जिभा कॅलिपरखाली धरायच्या, आणि आकडा जुळला की मगच चांगलं लाकूड चकमध्ये घालायचं.